धवळीचं बाळंतपण

कासुर्डीच्या तुळजाबाईने उभ्या आयुष्यात बाळंतपणं केली, पण सशाचं बाळंतपण वाट्याला आलं ते सत्तरी ओलांडल्यावर. आता गावातल्या पोरी यवतला दवाखान्यात जातात, सुईणीला विचारतंय कोण? म्हणून सून अनिताने कोरेगाव भीमाहून, कंपनीतल्या मैत्रिणीकडून, सशांची जोडी आणली तेव्हा म्हातारी वरवर कुरकुरली आणि आतून खुलली.

महिना भरत आला तशी मादी, धवळी, स्वतःच्या छातीवरचे केस उपटून लाकडी पेटीत अंथरायला लागली. त्यातले काही उडून अंगणभर तरंगायचे, वाळत घातलेल्या लुगड्यावर टेकायचे, पुन्हा उठायचे. हायवेची घरघर झोपेत ऐकल्यासारखी लांबून यायची. आपल्या अंगाचं काढून लेकरांना अंथरूण करणारी या मुक्या बाईकडे तुळजाबाई हातातलं काम सोडून बघत बसायची.

मंगळवारी पहाटे सहा पिल्लं झाली. उघडी, मिटल्या डोळ्यांची, बोटाएवढी. ही पहिली खेप तगली तर आणखी चार पिंजरे लावायचे, असं अनिताने कधीचं मनाशी धरलं होतं.

"आत्या, तिला एकटीला ऱ्हाऊ द्या. आजिबात हात लावू नका," सासूला बजावून ती कंपनीच्या बसला पळाली.

पण धवळी दिवसभर लेकरांकडे फिरकेना. कोपऱ्यात पाय ताणून निवांत हिरवा घास चघळत बसली. "आगं टवळे, पाज की!" म्हातारीने चारदा दटावलं. मग तिने ठरवूनच टाकलं, हिला दूध उतरत नाही. आणि पन्नास वर्षं प्रत्येक बाळंतिणीला केलं तेच केलं. खापरात निखारे घेतले, त्यावर शेपा, ओवा आणि लसणाची सालं टाकली आणि धुरी पिंजऱ्याखाली सरकवली.

धवळी पिसाळलीच. जाळीवर धडका, पेटीत उडी, पेटीबाहेर उडी. तुळजाबाईने खापर ओढून पाण्याने विझवलं, बिथरलेल्या मादीला चुचकारत बसली. जाळीवर फेकलं गेलेलं पिल्लू तिला बऱ्याच वेळाने दिसलं. ते गार पडलं होतं.

तिने अंगठ्याने त्याची पाठ चोळली, त्याला पदराआड पोटाशी धरलं आणि उंबऱ्यावर बसून राहिली. ऊन उतरत गेलं. डोळा लागतोय न लागतोय तेवढ्यात गावातली कितीतरी पोरं तिच्या हातांवरून सरकत गेली, ओली, कोमट, काही आता स्वतः आजी-आजोबा झालेली. मग पोटाशी काहीतरी वळवळलं. तिने ते अलगद पेटीत ठेवलं आणि केसांनी झाकलं.

संध्याकाळी वासावरूनच अनिता थबकली.

"म्याच केलं," तुळजाबाई म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

अनिता पिंजऱ्याशी उकिडवी बसली. "आत्या, ही जात दिसातनं एकदाच पाजती. पहाटंच्याला, दोन-चार मिन्टं. आता धुराला भिऊन पेटीत न्हाई गेली, तर समदी जात्याल." ती एवढंच बोलली. चार शिव्या दिल्या असत्या तर म्हातारीला बरं वाटलं असतं.

फटफटायच्या आधी दोघी दारात येऊन बसल्या. तुळजाबाईचे हात शिवशिवत होते, तिने ते मांडीखाली दाबून धरले. तांबडं फुटलं आणि धवळी उठली. पेटीच्या कडेशी गेली, हुंगलं, मागे फिरली. अनिताने डोळेच मिटून घेतले. तुळजाबाई मात्र बघत राहिली.

धवळी पुन्हा वळली आणि आत उतरली.

थोड्याच वेळात ती बाहेर आली, अंग झाडलं आणि घास खायला लागली. चांगलं उजाडल्यावर अनिताने हलक्या हाताने केस बाजूला केले. सहाच्या सहा, टम्म पोटांची, एकमेकांत गुरफटून झोपलेली.

"ह्यातलं पडल्यालं कुठलं व्हतं, आत्या?"

तुळजाबाई वाकली. डोळे बारीक करून तिने एकेक पिल्लू न्याहाळलं, पुन्हा पहिल्यापासून न्याहाळलं.

"न्हाई गं वळकू येत," ती म्हणाली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली.