बहात्तर चौकटींचं हसू

मित्रांनो, डब्यावरची धूळ पुसलीत ते बरं केलंत. मी एका विनोदी सिनेमाची जुनी फीत आहे. माझ्या अंगाला आंबूस वास येतो, पण नाक मुरडू नका. म्हातारपणी आम्हा फितींना तो येतोच.

माझ्या अंगभर छोट्या छोट्या चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एक चित्र आहे. यंत्रातून सेकंदाला चोवीस चौकटी सरकल्या की पडद्यावर माणसं चालू-बोलू लागतात. लॅबमधून न्हाऊन निघाले तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की लोक हातमोजे घालून मला हात लावत. माझाही तोरा काही कमी नव्हता.

सिनेमाची गोष्ट अगदी साधी. घरमालकीण एकट्या पुरुषाला खोली देत नाही, म्हणून भाडेकरू आपलं लग्न झाल्याची थाप मारतो. मग नसलेल्या बायकोच्या सर्दीपासून रुसव्यापर्यंत सगळं निभावताना त्याच्या नाकी नऊ येतात. भाडेकरू झालेला नट उंच, काटकुळा, चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा. मालकीण झालेली नटी बुटकी आणि तोंडाची फटकळ. तो जितका गंभीर होई, तितके लोक पोट धरून हसत. तिने नुसती भुवई उचलली तरी शिट्ट्या पडत.

पण लोक पुन्हा पुन्हा येत ते एका चुकीसाठी. मालकीण तणतणत दार उघडायला जाते आणि भाडेकरू तिच्या मागोमाग येतो, असा एक प्रसंग होता. शूटिंगच्या वेळी दाराची मूठ खरोखरच उपटून तिच्या हातात आली. ती मुळीच गडबडली नाही. मूठ त्याच्या हातात देत म्हणाली, "धरा. आपलंच घर समजा."

हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. एरवी कधी न हसणारा तो नट खांदे हलवत, डोळे मिटून, खरंखुरं हसला. फक्त तीन सेकंद. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. त्या बहात्तर चौकटींवर माझा फार जीव होता.

मी गावोगाव फिरले. मला यंत्रावर चढवणाऱ्या ऑपरेटर लोकांना एक खोड होती. फीत तुटली की खराब भाग कापून ते दोन टोकं चिकटवत आणि कापलेली चौकट खिशात टाकत. आवडत्या प्रसंगाची तर न तुटताही कापत. त्या हसण्यातल्या दोनच चौकटी घ्यायच्या, घरी नेऊन उजेडात धरायच्या आणि बायकामुलांना दाखवायच्या. "दोन गेल्या तर कुणाला कळतंय?" असं म्हणत, आणि खरंच कुणाला कळत नसे. खरं सांगते, मलाही राग येत नसे. लाडच वाटत तो.

पुढे नवी यंत्रं आली. सिनेमाच्या बाकीच्या प्रती भंगारात गेल्या. मी तेवढी शेवटच्या थिएटरच्या केबिनमध्ये, कपाटावर, विसरून राहिले.

कितीतरी वर्षांनी एका सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला. ती नटी आली होती. केस पांढरे झाले होते, पण भुवई तीच.

"मागच्या महिन्यात तो गेला," ती ऑपरेटरला म्हणाली. "बारा सिनेमे केले आम्ही. इतक्या वर्षांत माणूस एकदाच हसला माझ्यासमोर, आणि मी मेली तेव्हा पुढचं वाक्य आठवत होते. धड बघितलंच नाही. तेवढं एकदा दाखवाल?"

ऑपरेटरने कपाटावरून माझा डबा खाली काढला. त्याने मला जपून जुन्या यंत्रावर चढवलं. रिकाम्या थिएटरात ती एकटी बसली. दार आलं. मूठ निघाली. "आपलंच घर समजा." आणि पडद्यावर एकदम रस्ता, रस्त्यावरून निघालेला भाडेकरू. मधलं हसू कुठेच नव्हतं. दोन-दोन करत ते सगळं खिशांत गेलं होतं. मला तेव्हा जी लाज वाटली, ती कशी सांगू?

ऑपरेटर खाली गेला. "बाई, माफ करा. ही फीत इथं आली तेव्हा त्या हसण्यातल्या दोनच चौकटी उरल्या होत्या. दोन चौकटींत काय दिसणार, म्हणून मी त्याही कापल्या."

"आहेत का त्या?"

"मुलीच्या वहीत ठेवल्या होत्या. वही रद्दीत गेली."

तिने काठी शेजारच्या खुर्चीला टेकवली. "तुम्हाला आवडायचा तो?"

"फार आवडायचा, बाई."

"हं. पुन्हा लावा."

"पुन्हा लावलं तरी तेच दिसेल."

"कळलं हो मला. पण दारापर्यंत तर येतो ना तो? लावा."

त्या सकाळी तो प्रसंग चार वेळा लागला. चारही वेळा तो दारापर्यंत आला.

मित्रांनो, माझं कुणाशी भांडण नाही. ज्यांनी ज्यांनी माझ्यावर कात्री चालवली, त्या सगळ्यांना मी आवडत होते. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं. एखादी गोष्ट फार आवडली तर ती दहादा बघा, मनसोक्त हसा, पण आहे तशी, आहे तिथे राहू द्या. तुमच्यामागून कुणी म्हातारी जिना चढून येईल आणि तिला नेमकं तेवढंच बघायचं असेल.