खुराड्यावरचा देवदूत

डोंबिवलीच्या कडेला, जिथे पूर्वी भातखाचरं होती आणि आता टॉवर उगवलेत, तिथे नाथाशेठच्या घरात काहीही घडलं की ते आधी नाक्यावरच्या बॅनरवर लागायचं आणि मग घरातल्यांना कळायचं. पुतण्या तिसऱ्या खेपेला बारावी सुटला, बॅनर. शर्यतीच्या सोन्या बैलाचा वाढदिवस, दरवर्षी बॅनर. बैलाच्या कपाळाला गुलाल आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून निम्म्या गावाची डोकी. जमीन बिल्डरला दिल्यापासून शेठना दुसरं पीक घ्यायला जागाच उरली नव्हती, म्हणून ते हे पीक घेत. फ्लेक्सवाल्या मयूरकडे शेठचा एक फोटो कायमचा तयार असायचा. केस काळे केलेले, पोट आत घेतलेलं, गळ्यातली चेन होती त्याहून जाड. शेठ म्हातारे होत चालले होते, पण नाक्यावरचे शेठ पंचेचाळिशीतच मुक्काम ठोकून होते.

तेव्हा नातू झाल्यावर बॅनर लागणार नाही, असं कसं होईल?

नातू झाला तो दिवस मात्र बॅनरवर घालण्यासारखा नव्हता. सून समृद्धी सकाळपासून कळा देत होती. दुपारी सिस्टर म्हणाली, बाळाचे ठोके मंदावलेत, सिझर करावं लागेल, पण सर आले की. हे सर, हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, घोडबंदर रोडवरच्या आपल्या टॉवरमध्ये वाढदिवस साजरा करत होते. "निघालेत," सिस्टर म्हणाली. मग "ट्रॅफिकमध्ये आहेत" म्हणाली, आणि तेच म्हणत राहिली. दुसऱ्या डॉक्टरला बोलवा, असं धनेश, म्हणजे समृद्धीचा नवरा, दोनदा म्हणाला. पण मोठ्या डॉक्टरचा अपमान होईल म्हणून शेठनीच त्याला गप्प बसवलं. सर पोचले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. तीन आठवड्यांनी घरी सोडताना सर म्हणाले, "आता सगळं छान आहे. शेठ, तुमच्यासाठी केकसुद्धा न कापता आलो मी." शेठचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, आणि केक टाकून आला! ते तडक मयूरच्या दुकानात गेले आणि उभ्या उभ्या मजकूर सांगितला. बॅनर नाक्यावर महिनाभर झळकला. सर स्वतः गाडी थांबवून त्याच्याखाली उभे राहिले, फोटो काढून घेतला आणि तो हॉस्पिटलच्या रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावला. समृद्धीने तो बॅनर कधी पाहिलाच नाही. ती बाळंतिणीच्या खोलीत, न रडणाऱ्या पोराला दूध पाजायला शिकत होती.

पोराचं नाव ठेवलं शौर्य. सहा महिने झाले तरी शौर्य मान धरेना. वर्ष झालं, बसेना. हातपाय ताठ, बोटांच्या मुठी सुटत नव्हत्या. गावाने आपापली निदानं केली. कुणी म्हणालं ग्रहणात भाजी चिरली असेल, कुणी म्हणालं सुनेचं माहेरच तसं. सासू सगुणाने नारळ फोडले. शेवटी मुंबईच्या डॉक्टरने कागद पाहून सरळ सांगितलं: याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, वेळेत बाहेर काढला असता तर बहुधा हे टळलं असतं. ठोक्यांचा आलेख कुठे आहे, असंही त्याने विचारलं. आलेख हॉस्पिटलकडे होता, आणि हॉस्पिटलला तो काही केल्या सापडत नव्हता.

"मी केस करणार," समृद्धी म्हणाली. तिने हे रडत सांगितलं असतं तर शेठनी समजूत घातली असती. पण तिने पोराच्या पायाला तेल लावता लावता सांगितलं, त्यामुळे शेठ सरळ वकिलावर आले.

"मग वकील कशाला शोधतंस? आपला साईनाथ हाय ना कल्यानला!"

हीच ती गोम. या गावांत घरटी एक वकील असतो, आणि तो जमिनीचा असतो. साईनाथ वकिलांनी शेठच्या तीन पिढ्यांचे वाटप केले होते, दोन बिल्डर लोळवले होते. त्यांनी शौर्यची फाइल गंभीरपणे चाळली, चष्मा पुसला आणि विचारलं, "मुलाच्या नावावर काय काय आहे?" मग एक नोटीस पाठवली. तिला उत्तर आलं नाही, तर आणखी एक पाठवली. जमिनीच्या दाव्यात घाई नसते. जमीन कुठे पळून जाते? अशी तक्रारीची मुदत संपत आली. तेव्हा कळव्याला शौर्यला व्यायामासाठी नेताना भेटलेल्या एका आईने समृद्धीला खोपटच्या डेपोजवळचा पत्ता दिला: ॲडव्होकेट ब्रेंडा डिमेलो.

ब्रेंडाबाईंनी फाइल नंतर उघडली. आधी त्या खुर्चीवरून उठल्या, शौर्यपुढे बसल्या आणि त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. "किती जोर आहे रे तुझ्यात," त्या म्हणाल्या. शौर्य हसला. शेठ खिडकीबाहेर एस्ट्या बघत राहिले. नातवाशी असं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. ते स्वतःही बोलले नव्हते.

ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली आणि यथावकाश हॉस्पिटलचं उत्तर आलं. सगळे पुन्हा खोपटला जमले. ब्रेंडाबाई वाचू लागल्या. "एक, डॉक्टर दुपारपासून पेशंटजवळच होते."

"खोटं!" समृद्धी ओरडली.

"ते आपल्याला सिद्ध करावं लागेल. तुझा शब्द आणि त्यांचा शब्द. दोन, कुटुंबाची काहीही तक्रार नव्हती. उलट..." बाई थांबल्या आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. कागदावर नाक्यावरच्या बॅनरचा रंगीत फोटो होता. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला काळ्या केसांचे शेठ हात जोडून, आणि मधे कलिंगडाएवढी अक्षरं: देवदूत! बाकी मजकूर मुंगीएवढा आणि धुरकट. "शेठ, हे तुम्ही लावलेलं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समृद्धी तो फोटो बघत राहिली. मग सासऱ्यांकडे वळली आणि इतकंच म्हणाली, "माझा मुलगा पेटीत होता, बाबा."

घरी आल्यावर शेठ थेट परसात गेले. गावात फ्लेक्स फुकट जात नाही. उतरला की कुणाच्या गाडीवर नाहीतर लाकडांवर पडतो. देवदूत कोंबड्यांच्या खुराड्यावर, तोंड खाली करून पडला होता. शेठनी दोऱ्या तोडल्या, फ्लेक्स अंगणात ओढून उताणा टाकला आणि सगुणाबाईंकडे घासलेट मागितलं.

"काय करताव?"

"जाळतंय. यो राहिला तं आपली केस गेली."

गोंधळ ऐकून समृद्धी शौर्यला कडेवर घेऊन बाहेर आली. "जाळून काय होणार? फोटो त्यांच्याकडे आहे," ती म्हणाली. मग तिची नजर अंगणभर पसरलेल्या फ्लेक्सवर गेली. मागच्या बाजूला कोंबड्यांनी आपलं लेखन केलं होतं, पण पुढे मयूरची छपाई शाबूत होती. ती वाकली आणि देवदूताखालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचू लागली.

"'आमच्या सुनेची अवस्था कठीण असताना, स्वतःच्या वाढदिवसाचा केकही न कापता, घोडबंदर रोडच्या भीषण ट्रॅफिकमध्ये साडेतीन तास अडकूनही हिंमत न हारता, सायंकाळी सात वाजता हॉस्पिटलमध्ये धावून आलेले...'" तिने मान वर केली. "बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच," शेठ मान खाली घालून म्हणाले. "तवा मना लई मोठेपना वाटला त्याचा."

"घासलेट ठेवा आत," समृद्धी म्हणाली.

पुढच्या तारखेला हॉस्पिटलतर्फे फोर्टहून मोठे वकील आले होते. त्यांना मराठी वाचायचा सराव नव्हता आणि त्यांच्या अशिलाला मोठ्या अक्षरांपलीकडे स्वतःबद्दल काही वाचायची गरज वाटली नव्हती. "विरुद्ध पक्षानेच हा बॅनर पुरावा म्हणून दिलाय," ब्रेंडाबाई म्हणाल्या, "आम्ही फक्त मूळ प्रत आणलीये." शेठ आणि धनेशने दोन टोकं धरून फ्लेक्स उलगडला. आयोगाच्या दालनात खुराड्याचा वास पसरला. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला आणि उभं राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग डॉक्टरांना उलटतपासणीला बोलावण्यात आलं. ब्रेंडाबाईंनी विचारलं, "त्या दिवशी केक कापलात का?" डॉक्टरांनी आपल्या वकिलांकडे बघितलं. त्यानंतर हॉस्पिटलला आलेखही सापडला.

निकाल शौर्यच्या बाजूने लागला. तोवर तो पाच वर्षांचा झाला होता. त्याच्या व्यायामाची, खुर्चीची, शाळेची आयुष्यभराची सोय हॉस्पिटलने करायची, असा हुकूम झाला. वरच्या आयोगात अपील झालंच, पण भरपाईची निम्मी रक्कम हॉस्पिटलला तिथे आधी भरावी लागली. गेलेले साडेतीन तास परत करायचा हुकूम कुणालाच देता आला नाही.

शेठना ब्रेंडाबाईंच्या आभाराचा बॅनर लावायचा होता. बाईंनी कोपरापासून हात जोडले. "नको शेठ. तुमच्या बॅनरची मला भीती वाटते."

घरी समृद्धी म्हणाली, "बाबा, सोन्या बैलाचे पाच बॅनर झाले. शौर्यचा एक तरी?"

शेठनी फोन काढून फोटो शोधले. बैल होता, पुतण्या होता, आमदार होते. शौर्य नव्हता. शेठ उठले, नातवासमोर जमिनीवर बसले आणि त्याला हाक मारली. खुर्चीत पट्ट्याने बांधलेला शौर्य आवाजाच्या दिशेने बघून हसला. मान डावीकडे कललेली, हनुवटीवर लाळ. शेठनी तोच फोटो घेतला आणि मयूरकडे गेले.

मयूरने फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. "काळजी करू नका शेठ, दोन मिनिटांचं काम." तो खरंच भला माणूस होता. त्याने लाळ पुसली, पट्टा उडवला, दुसऱ्या कुठल्या पोराचे खांदे आणून लावले आणि मान सरळ केली. स्क्रीनवर एक ताठ बसलेला, गोरागोमटा मुलगा हसत होता. सहज उठून पळत सुटेल असा.

शेठ त्याच्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहतंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, मयूरच्या आलं.

"काय झालं शेठ? काही राहिलं का?"

"यो आमचा पोऱ्या नाय," शेठ म्हणाले. "आमचा परत आन."

मयूरने मुकाट्याने एकेक गोष्ट जागेवर ठेवली. मान, पट्टा, लाळ.

"अन् माजे केस पन पांढरे कर."

"पांढऱ्या केसांचा फोटो नाही ना शेठ माझ्याकडे."

"मग काढ आता."

शेठ स्टुलावर बसले आणि पोट आत न घेता त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं.