बुडवलेली नाव

बोदलकशाच्या बंगल्यातला पाटबंधाऱ्याचा गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मागल्या पडवीत उपडी पडलेली शिडाची नाव पुरनलालला देऊन गेला. ती त्याची नव्हतीच. त्याच्याही आधीच्या कुण्या साहेबानं आणलेली, पुरनलालच्या वयाहून जुनी. आपल्याकडच्या तळ्यांत डोंगे चालत, एकाच खोडातून कोरलेले. फळ्यांना फळ्या जोडून केलेली नाव गावात कुणी वापरली नव्हती. पण पुरनलालनं लहानपणी म्हशी चारताना पाण्यावर तिचं पांढरं शीड पाहिलं होतं, आणि ते त्याच्या डोळ्यांतून कधी गेलंच नाही.

बैलगाडीवर घालून त्यानं ती घरी आणली आणि सारा उन्हाळा खळ्यात तिच्यापाशी घालवला. फळ्यांच्या फटींतून पलीकडची तणसाची गंजी दिसायची. त्यानं चिंध्या कोंबल्या, डांबर ओतलं. दुसऱ्या दिवशी नवी फट.

त्याच्या बायकोला, शामकलाला, ती नाव डोळ्यांपुढे नको होती. तिचा धाकटा भाऊ बिसराम चोरखमाऱ्याच्या तळ्यात शिंगाडे काढताना डोंगा उलटून गेला होता. नाव पाहिली की तोच आठवतो, हे तिनं नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नाही. पण एका दुपारी भाकरी वाळून गेली तरी पुरनलाल जेवायला उठेना, तेव्हा ती खळ्यात जाऊन म्हणाली, "बुडवा एकदाची तिले तळ्यात. मंग मी सुटली."

पुरनलाल डांबराच्या हातानं तिच्याकडे बघतच राहिला. सकाळी उठला, नाव गाडीवर घातली आणि निघून गेला.

दुपार कलली तेव्हा बकाराम ढिवर मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तिरोड्याच्या बाजाराला चालला होता. चालता चालता तो अंगणाबाहेरूनच सांगून गेला, "पुरनलालनं नाव बुडवलन."

सासू चमेलीबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. पोरानं नाव बुडवलं म्हणजे बापजाद्यांचंच बुडवलं, दुसरं काय? जुगार की दारू, एवढंच तिला कळायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला ती बकारामच्या मागं धावली. शामकलाला मात्र एकच कळलं, नावेसंगं तोही बुडाला. ती तशीच निघाली, अनवाणी.

शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं पळताना तिला आपलेच शब्द ऐकू येत होते. बुडवा एकदाची. मी सुटली. वाटेवरच्या देवाला तिनं सांगून टाकलं की हे माझ्या तोंडून निघालं, मनातून नाही.

तळ्याच्या पाळीवर गाडी सोडलेली होती. बैल चरत होते. गाडीच्या दांडीवर धोतर, त्यावर पागोटं. माणूस कुठं दिसेना. आणि पाण्यातून नावेच्या डोलकाठीचं नुसतं टोक वर आलेलं.

तिनं "अजी" म्हणून हाक मारली. पार पलीकडच्या काठावर कपडे धुणारा एक म्हातारा वळला, पुन्हा धुवायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "गुणवंताचे बाबा" म्हणायची. ती पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "पुरनलाल!"

"काऊन बोंबलून राहिलीस व?"

आवाज मागून आला. पळसाच्या सावलीत पुरनलाल पंचा गुंडाळून बसला होता. एका हातात भाकर, दुसऱ्यात कांदा.

शामकला होती तिथंच, पाण्यात, मटकन बसली. पुरनलाल धावत आला तेव्हा ती रडत होती की हसत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता कायले रडतेस? तूच तं म्हणलीस बुडवा," तो म्हणाला. "उन्हाळ्यात गाडीचं चाक सैल झालं का आपण काय करतो? तळ्यात बुडवतो. लाकूड फुगते, लोखंडी धाव घट्ट बसते. मले हे तुयाच बोलण्यावरून सुचलं. गोटे भरले अन् बुडवली. काठी ठेवली वर, सापडाले पाहिजे ना."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"अन् तू माहं नाव घेतलंस."

"नाही घेतलं."

"साऱ्या बोदलकशानं आयकलं."

घरी चमेलीबाई दारातच होती, आणि धीर द्यायला आलेली शेजारची नंदाबाई तिच्या बाजूला. खरं काय ते दोघींना समजावता समजावता दिवे लागले.

काही दिवसांनी गोटे काढले, पाणी उपसलं. फळ्या अशा मिटल्या होत्या की सुई जायची नाही. शिडाला ठिगळं शामकलानंच लावली. पहिल्यांदा बसताना तिनं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. वारा शिडात भरला, पाळ मागं गेली, बिसरामची आठवण आली. तिनं खाली पाहिलं. पाय कोरडे होते. मग एक हात तिनं सोडला.

पुढं दर उन्हाळ्यात गाडीची चाकं आणि नाव एकदमच तळ्यात बुडायची. त्या दिवशी कुणी पाहुणा आला आणि पोरगा कुठं गेला म्हणून विचारलं, की चमेलीबाई सूप पाखडता पाखडता सांगायची, "नाव बुडवाले गेला."

पाहुणा तिला धीर द्यायला लागायचा. आत शामकला भाकरी बांधत असायची, दोघांच्या.