मास्तरांचा उजवा कान

आमच्या बेटांवर मुलं दिवसभर पाण्यात असतात, त्यामुळे कान वाहणं हे घरोघरचं दुखणं. आणि कान वाहायला लागला की खोबरेल तेलाचा बोळा कोंबून तो आपोआप बरा व्हायची वाट पाहायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती मोडण्यात आमच्या डॉक्टरबाई, कालोलीने, यांचं अर्धं आयुष्य गेलं. कानाच्या विकारांवर त्यांनी लिहिलेलं पाठ्यपुस्तक टोंगातच नव्हे, तर फिजी-सामोआपर्यंतची वैद्यकीची मुलं अभ्यासतात. त्यातले कान आमच्याच माणसांचे आहेत, डॉक्टरांनी समोर बसवून स्वतः रेखाटलेले. आणि पहिल्या पानावर एकच वाक्य आहे : कानात डोकावण्याआधी माणसाचं ऐकून घ्या.

मी त्यांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम चालू होतं तेव्हा फेआओ मास्तर आमच्याकडे आले. चर्चमधल्या गायकवृंदाला आयुष्यभर त्यांनीच शिकवलेलं, पण उजवा कान लहानपणापासून बंद, आणि आता डावाही मंदावत चाललेला. डॉक्टरांनी उजव्या कानाचा पडदा असा काही बेमालूम शिवला, की पट्टी काढली त्या दिवशी अंगणातली कोंबडी ओरडली आणि मास्तर मोठ्याने रडायलाच लागले.

तपासणीच्या खोलीत मी त्यांच्या हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं, एवढंच. त्यांनी दाबलं. मी म्हटलं, "मास्तर, शर्यत लागलीय का? आवाज येऊ तरी द्या."

"आला की गं पोरी. बारीक शिट्टीसारखा."

मी खाली पाहिलं. माझं बोट अजून आवाज सोडायच्या कळीवर टेकलंच नव्हतं.

यंत्र बदललं, खोली बदलली, मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. तरी त्यांचं बटण माझ्याआधी दाबलं जायचं. शेवटी डॉक्टर स्वतः यंत्रापाशी येऊन बसल्या. बराच वेळ त्या तपासत राहिल्या आणि मग कपाळाला आलेला घाम पुसून एवढंच म्हणाल्या, "ह्यांच्या कानात दोष नाही, सेला."

पुढे पुढे हे आधी ऐकू येणं वाढत गेलं, कधी क्षणभर आधी, तर कधी कित्येक दिवस आधी. मास्तर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत. गायकवृंदातल्या बायका चिडून म्हणत, "आम्ही अजून तोंड उघडलं नाही, तोवर हे म्हणतात बेसूर झालं!" आणि खरोखरच त्या बेसूर होत. परदेशातल्या एका तज्ज्ञाने हा मनाचा आजार असल्याचं कळवून त्याला एक लांबलचक नावही दिलं. डॉक्टर हसल्या. "नाव ठेवलं म्हणजे कळलं असं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुस्तकात मास्तरांवर ओळही लिहिली नाही. मात्र दर आठवड्याला त्यांना बोलावून त्यांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेत. मला त्यांचं कौतुक वाटे ते यासाठी, की न कळलेल्या गोष्टीला त्या कधी घाईने हाकलून देत नसत.

एके दिवशी मास्तर त्यांच्यासमोर बसले आणि मान खाली घालून म्हणाले, "डॉक्टरबाई, रागावू नका. ह्या पोरीचा आवाज येतो, बाहेरच्या पोरांचा येतो. उजव्या कानात फक्त तुमचा येत नाही."

 डॉक्टरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "येत नसला तर नसो. डाव्याने ऐका. अजून बोलतेय ना मी?"

पाऊसकाळ संपता संपता डॉक्टरांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. आवाज गेला तो गेलाच. मास्तरांना न आलेल्या आवाजाचा अर्थ इतकाच होता तर, असं म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला. महिन्याभरात त्या कामावर परत आल्या. खडूने, खुणांनी, विद्यार्थ्यांचे हात आपल्या हातात धरून शिकवू लागल्या. पुस्तकही पुरं केलं.

मग एका सकाळी, आयांची आणि मुलांची रांग लागलेली असताना, मास्तर अनवाणी धावत आले. आमच्याकडे चारचौघांत जाताना मानाने कमरेला गुंडाळतात, ती नेहमीची चटईही नव्हती.

"समुद्र गेला, पोरी."

"कुठे गेला?"

"उजव्या कानातून. काल संध्याकाळपासून येत नाही. कोंबड्या येतात, तुम्ही येता. समुद्रच नाही."

खिडकीबाहेर, रोजच्याप्रमाणे, प्रवाळखडकांवर लाटा धडकत होत्या. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हातातलं उपकरण खाली ठेवलं, समोरच्या खुर्चीवरचं मूल कडेवर घेतलं आणि बाहेर येऊन टेकडीकडे बोट दाखवलं.

"एवढ्या उन्हात? डोकं फिरलं की काय बाईंचं?" एक बाई पुटपुटली. पण आपल्या पोराचा कान ज्यांनी बरा केला, त्यांना नाही कोण म्हणणार? वाटेतली शाळाही डॉक्टरांनी नुसत्या हाताच्या खुणांनी रिकामी केली, आणि खालची सगळी वस्ती कुरकुरत का होईना, त्यांच्यामागून चढू लागली.

वर फणसाच्या सावलीत टेकल्यावर बायकांना चेष्टा सुचली. "मास्तर, समुद्र पळाला, तर आता मासे काय झाडावर धरायचे?" सगळ्या खिदळल्या. मास्तर उजव्या कानावर तळहात दाबून बसले होते. खाली खडकांपाशी फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती, तिची गाज इथवर ऐकू येत होती. डॉक्टरांच्या मांडीवर ते मूल गाढ झोपलं होतं, आणि त्या समुद्राकडे नव्हे, मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

मग एकेक करून बायका बोलायच्या थांबल्या. का ते कुणालाच कळेना. खाली ती पांढरी रेघ कुठेच नव्हती, समुद्र पार मागे हटला होता आणि प्रवाळखडक उघडे पडले होते. आणि इतकी शांतता पसरली होती, की डॉक्टरांच्या मांडीवरच्या मुलाने दचकून डोळे उघडले.