सुरयीचं विरजण

माझ्याच घरात मला कुलूप लावायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. नवऱ्याने नाही, सासूने नाही. ती केली माझ्या नातीने, मृणालीने. मागच्या खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि शेजारच्या कुंदाबाईच्या देखत म्हणाली, "आता आत कुणीच जायचं नाही. आजीनेसुद्धा नाही."

आजीनेसुद्धा! ती खोली मी डोक्यावर विटा वाहून उभी केली आहे. आणि लावलेलं कुलूप तरी कुणाचं? माझ्याच पेटीतलं.

आत होतं कोण, तर एक पाखरू.

गुजरातकडे समुद्रात वादळ झालं, त्याचा वारा तापीच्या अंगाने वर चढत आमच्या नरडाण्यापर्यंत आला. स्टेशनाजवळची पाटी पडली, कुंदाबाईचे पत्रे उडाले. दुसऱ्या सकाळी नासीर दारात. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. हातात स्कूटरचा जुना टायर आणि टायरच्या मधोमध, घरट्यात बसल्यासारखं, हे पाखरू.

"अक्का, हाई काय शे, देखा बरं. कावळा शे का कबूतर?"

वरून काळं, खालून पांढरंधोप, कपाळावर पांढरा पट्टा, चोच दाभणासारखी. मी काही बोलायच्या आत मृणाली धावत आली आणि तिच्या तोंडाचा रंगच बदलला. म्हणाली, ही सुरय. समुद्रावरची. ही जमिनीवर येतच नाही, वर्षानुवर्षं पाण्यावर उडत राहते, झोपतेसुद्धा उडता उडता. आता पिसांत त्राण नाही, म्हणून पडली.

मृणाली सुरतेला शिकते. काय शिकते ते मी गावात नीट सांगत नाही. समुद्रावरच्या पाखरांच्या पोटात कोणते जंतू असतात, ते ती शोधते. त्यासाठी त्यांची विष्ठा काडीने टिपून बारीक नळ्यांत भरते. सुट्टीला येते तेव्हा त्यातल्या नळ्या माझ्या फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवते. लोकांनी विचारलं की मी सांगते, डॉक्टरीण होणार. पुढचं कशाला सांगू?

तिने वनखात्याला फोन केला, त्यांनी सांभाळायला सांगितलं. आणि गल्लीत बातमी पसरली, की भागाबाईकडे समुद्रावरून पाहुणा आला आहे.

आता आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या पोटात काही घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मृणाली बर्फातले मासे आणायला धुळ्याला गेली, तेवढ्यात कुंदाबाईने दूध-पाव भरवला. नासीरची बायको जमीला खिमा घेऊन आली. कुणी शेव-दाणे टाकले. पाखराने सगळं गिळलं. मी म्हटलं, बघा, माणसाळलं.

संध्याकाळपासून त्याला ढाळ लागले. मृणाली ते धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्यांनी औषध दिलं. ढाळ थांबले. पण पाखरू वाळत चाललं. मासा खायचं आणि तो तसाच्या तसा बाहेर पडायचा. छातीचं हाड कोयत्याच्या धारेसारखं वर आलं. त्याच दिवशी कुलूप लागलं.

"औषधाने वाईट जंतू मेले, तसे चांगलेही मेले," तिने मला समजावलं. मी रागाने पाठ करून बसले होते, तरी ऐकत होते. "आजी, तिच्या पोटात तिचे स्वतःचे जंतू असतात. पिल्लू असताना आईच्या चोचीतून येतात, समुद्रातल्या माशांतून येतात. खाल्लेलं तेच पचवतात. ते गेले, की पोटभर खाऊनही उपाशीच."

"म्हणजे विरजण मोडलं म्हण की."

ती समोर येऊन बसली. मग हसली. किती दिवसांनी हसली. "हो. विरजणच समज."

विरजणाचं मला कुणी शिकवायला नको. माझं विरजण माझ्या सासूपासून चालत आलेलं आहे, एक दिवस मोडू दिलेलं नाही. दही सुरीने कापावं असं लागतं. याच गावात एके काळी आमच्या हातचं पाणी कुणाला चालत नव्हतं. माझी सासू विहिरीवर लांब उभी राहायची, कुणी वरून ओतेल म्हणून वाट पाहत. आज त्याच गावातल्या बाया सकाळी वाटी घेऊन माझ्या ओट्यावर येतात. भागाबाई, थोडं विरजण द्या, आमच्या दह्याला तार सुटते. औषधाने कुणाचं पोट बिघडलं, तरी माझंच ताक जातं. मी देते. पण त्यांना ओट्यावर थोडं बसवून ठेवते, खोटं कशाला बोलू.

म्हणून मी म्हटलं, "मग माझं दही दे तिला."

"नाही आजी. तुझं दही तिला चालणार नाही."

पोरगी सहज बोलली. मला मात्र विहीर दिसली.

"मन्हं दही बठ्ठं गाव खास, आन् या पाखरूले चालत नही?"

"दूध पिणारी जात नाही तिची. दुधातलं तिला पचतच नाही. तिला तिच्यासारख्याच धडधाकट सुरयीच्या पोटातलं हवं. माझ्याबरोबरची महेक आहे ना, तिच्याकडे किनाऱ्यावर सापडलेल्या दोन आहेत, चांगल्या खातात-पितात. त्यांची विष्ठा ती बर्फात घालून पाठवते आहे, सुरतेच्या गाडीने. पाण्यात कालवून हिला भरवायची."

मी कानावर हात ठेवले. "माझ्या घरी आलेल्या जिवाला दुसऱ्याचं हगलेलं चारणार? आणि माझं दही नको?"

"हो," ती म्हणाली. तिच्या आजोबासारखंच, एका शब्दात.

पण गाडी आली नाही. वादळामागून पाऊस लागला, नवापूरकडे रुळांवर पाणी चढलं. मृणाली स्टेशनवर जायची आणि भिजून परत यायची. फोनवर महेकला विचारायची, बर्फ टिकेल ना गं? मी भाकरी वाढायची, ती दोन घास मोडून उठायची. आमचा रवींद्र, म्हणजे तिचा बाप, तो शिरपूरच्या सूतगिरणीत असतो. त्याला मी फोन केला, तुझ्या पोरीला समजाव. तो म्हणाला, "माय, मला त्यातलं काय कळतं?" जसं काही मलाच कळत होतं!

बंद दारामागून आधी पंख आपटल्याचा आवाज यायचा. मग नुसती चोच घासल्याचा. त्या दिवशी दुपारी तोही बंद झाला.

मृणाली स्टेशनवर होती. मी ओट्यावर बसले, भाजी निवडली, पुन्हा निवडली. माझ्या दारात पाहुणा उपाशी पडला आहे आणि मी भाजी निवडते. या हातांनी मी आजारी म्हातारे उठवले, पोरं जगवली. घरात जिवाला काही झालं तर मी कधी हात बांधून बसले नाही. मला ते येतच नाही.

पेटीतल्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. दुसरी माझ्या कमरेला, पिशवीत.

पाखरू कोपऱ्यात टायरमध्ये बसलं होतं, मान पंखात खोचून. मी दह्याचं पातळ पाणी केलं, कापसाचा बोळा भिजवला, चोचीला लावला. "ले बेटा, खाय ले." डोळा उघडला. काळाभोर, पाण्यासारखा. आणि गिळलं त्याने, खरंच गिळलं. पुन्हा लावलं, पुन्हा गिळलं. मृणालीच्या हातून दोन दिवस काही घेतलं नव्हतं, माझ्या हातून घेतलं. मी तिथेच बसले. मला वाटलं, येऊ दे आता पोरीला. दाखवते.

थोड्या वेळाने त्याने मान मागे टाकली, पंख पसरले. एवढे लांब पंख, खोलीत मावेनात. मी म्हटलं उडतंय. ते उडत नव्हतं.

मृणाली आली तेव्हा कुलूप माझ्या मांडीवर होतं. ती दारातच उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. मी वाट पाहत होते, की ती ओरडेल. मी ओरडले असते. ती खाली बसली, पाखराच्या छातीवर बोट ठेवलं, तसंच राहू दिलं.

"काय दिलंस?"

"विरजण."

"किती?"

"बोळा. दोन वेळा भिजवून."

तिने मान हलवली. पिशवीतून काडी काढली, नळी काढली, पाखराची शेपूट हळूच उचलली आणि तिचं काम केलं. नळीचं झाकण लावून म्हणाली, "गाडी रद्दच झाली आजी. पार्सल परत गेलं."

"म्हणजे ते तसंही मेलं असतं?"

"मला माहीत नाही."

"तू शिकलेली. तुला माहीत नाही?"

"नाही. कदाचित आजचा दिवस काढला असता. कदाचित नाही." नळी उजेडाकडे धरून ती बघत बसली. "तपासलं की यात तुझंही विरजण सापडेल."

बाहेर कुंदाबाई हाक मारत होती, पाहुणा कसा आहे म्हणून. मी उठायला गेले. मृणालीने हात दिला, मी धरला नाही. मग धरला.

तिच्या गळ्यात किल्ली तशीच लोंबत होती. मी ती धरून तिला जवळ ओढलं आणि म्हटलं,

"दाराला कुलूप लावलंस, ते बरोबर केलंस वं मृणाले. चुकलीस एवढंच, की कुलूप माझ्या पेटीतलं घेतलंस."