पहिला मान

बेरिल इतकंच म्हणाली होती, "अंघोळ नीट होत नाही रे."

सप्टेंबरात तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता आणि टबाची कड तिच्या गुडघ्याच्याही वर येत होती. पाय उचलून आत जाणं जमेना. पाच महिने ती बेसिनपाशी उभी राहून ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. एकाहत्तरीच्या बाईला एकदा डोक्यावरून भरपूर पाणी घ्यायचं होतं, तेही कुणी बखोटीला न धरता. यापलीकडे मागणी नव्हती.

नवऱ्यानं, म्हणजे मर्विन प्रॉसरनं, निदान केलं की शॉवर कमजोर आहे. जन्मभर स्वान्सी शहराच्या चढांवर बस हाकलेल्या माणसाला कुठलंही दुखणं इंजिनातच दिसतं. टबावरचा जुना विजेचा शॉवर थंडीत पाणी जेमतेम कोमट करायचा, हे खरंच होतं. पण बाईला आत शिरता येईना, तर यानं पाण्याचा जोर वाढवायला घेतला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"टबच काढून टाकला तर?" तिनं विचारून पाहिलं.

"टब नसलेलं घर कोण विकत घेतं गं?"

घर विकायचा विचार दोघांनी चव्वेचाळीस वर्षांत केला नव्हता. पण कधीकाळी येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला टबात लोळता यावं म्हणून बेरिलनं बेसिनपाशी उभं राहायचं, यात गल्लीत कुणालाच गैर वाटलं नसतं. शेजारच्या मिसेस पॅरी टबात ओले कोट वाळत घालायच्या, पण टब होता.

वायरमन ह्यू आला. पाणी स्वतःच तापवणारा साडेदहा किलोवॅटचा नवा शॉवर बघून म्हणाला, "जुनी तार याला पुरायची नाही. वितळेल."

"मग जाड घाल," मर्विन म्हणाला. बायकोसाठी तो कशातच कमी करणार नव्हता. दोन दिवस घर उकरून थेट मेन बोर्डापासून नवी केबल आली.

काम संपवता संपवता ह्यूनं एकदा टबाकडे आणि एकदा बेरिलच्या काठीकडे पाहिलं. "पण मिसेस प्रॉसर, तुम्ही आत चढता कशा?"

"चढेल की," मर्विननं परस्पर सांगितलं. "एकदा पाणी बघू दे तिला."

बेरिल म्हणाली, "चहा घेणार का आणखी?" परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं पाडायचं नसतं, हे तिला आईनं शिकवलं होतं. त्या शिकवणीचा तिला त्या क्षणी मनापासून संताप आला.

शनिवारी मर्विननं फर्मावलं, "जा, पहिला मान तुझा." आणि तो खाली रग्बी बघत बसला.

बेरिलनं आतून कडी लावली. छतावरून लोंबणारी स्विचची दोरी ओढली, शॉवर सुरू केला. पाणी खरंच झकास होतं, गरम आणि जोरदार. ती टबाच्या कडेकडे बघत राहिली. मग तिनं स्टूल ओढलं, बाहेर, पाणी जायला मोरी नसलेल्या फरशीवरच ठाण मांडलं, शॉवरची तोटी नळीसकट खाली घेतली आणि डोक्यावर धरली. पाच महिन्यांनी पाणी पाठीवरून वाहिलं. तिला रडू आलं, आणि ते तिनं येऊ दिलं.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं धडधडली.

"बेरिल, छतातून पाणी येतंय. टीव्हीवर पडतंय."

"येणारच. मी अंघोळ करतेय."

"मग टबात कर ना."

"टबात मला जाता येत नाही, मर्विन. सप्टेंबरपासून येत नाही."

मग तो हळूच म्हणाला, "मग इतके दिवस तू काय करत होतीस?"

चव्वेचाळीस वर्षं एका छताखाली राहणारा माणूस हे आज विचारत होता.

"सांगते," ती म्हणाली. "आधी केस धुऊ दे. तोवर खाली बादली लाव."