उसना आवाज

ठण्ण.

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घराची भरदुपारची सामसूम मोडली. सितारा कणकेचे हात तसेच घेऊन धावली. गयासुद्दीनला पाणी हवं होतं. लकव्यानं नवऱ्याची वाचा गेली, तेव्हापासून तो चमच्यानंच हाक मारायचा.

समोर टीव्हीवरही तोच होता. जुनी मालिका पुन्हा लागली होती. इन्स्पेक्टरच्या वर्दीतल्या गयासुद्दीननं दुसऱ्या मजल्यावरून उडी टाकली, धूळ झटकली आणि तो गरजला, "भाग के जाएगा कहाँ?"

"अब्बू बोल्ले!" चार वर्षांच्या अरीबानं टाळ्या पिटल्या.

सितारानं पेल्यात पाणी ओतलं. गरजणारा माणूस दुसराच होता. गयासुद्दीनच्या बोलण्यातलं वऱ्हाड काही केल्या जाईना, म्हणून मुंबईवाल्यांनी उड्या त्याच्या घेतल्या अन् आवाज दुसऱ्याचा लावला. सात सिनेमे, दोन मालिका. त्याचा स्वतःचा एक शब्द कशात नाही. गुडघा मोडून तो अकोल्याला परतला तेव्हा म्हणाला होता, "घरी तरी माह्याच आवाजात बोलीन." अरीबा दीड वर्षाची होती तेव्हा तेही गेलं.

आणि एकदम तिला ती सभा आठवली. लकव्याच्या चार महिने आधी, नांदगाव खंडेश्वरला, शेतकऱ्यांना धीर द्यायला त्याला बोलावलं होतं. चांगला वीस मिनिटं बोलला होता. व्हिडिओ काढला होता अमरावतीच्या राजापेठेतल्या जानराव व्हिडिओवाल्यानं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाईंना त्याच्याजवळ बसवून ती लेकीसह अमरावतीच्या एसटीत चढली. "अब्बूचा खरा आवाज आयकाले चाललो आपन," तिनं अरीबाला सांगितलं.

"भाभी, त्या दिवशी भाईनं रडवलं हो लोकायले!" म्हणत जानरावानं सीडी लावली. पडद्यावर गयासुद्दीन माईक धरून उभा. ओठ हलत होते. ऐकू येत होती सनई.

"आवाज?"

"थो आमी काढूनच टाकतो. लग्नाच्या व्हिडिओत बी तसंच. भाषन कोन आयकते? म्हून म्यूझिक टाकलं."

"अन् मूळ कॅसेट?"

जानराव मान खाजवू लागला. "दोन सालं पिकं गेले, लग्नं घटले. नव्या कॅसेटी परवडेनात. तिच्यावरच दुसरं लग्न उतरवलं, भाभी. मले काय मालूम, भाईचं असं होईन?"

त्याच्यावर चिडावं, तर तेही जमेना.

परतीच्या एसटीत तिनं डोळे मिटले. "सितारा, चहा टाक ना वं," असं तो रोज म्हणायचा. शब्द लख्ख आठवले. पण कानात आले ते टीव्हीतल्या त्या परक्या माणसाच्या आवाजात. तिनं पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तोच.

अरीबानं तिची ओढणी ओढली.

"अम्मी, अब्बू मले हाक कशी मारत होते? त्याईच्या आवाजात मारून दाखवतं का?"